घरी सी-४१: डेव्हलपर ३७.८ अंशांवर टिकत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याजवळ राहतो आणि रंगीत निगेटिव्ह फिल्मचे रोल सी-४१ या प्रक्रियेने घरीच धुतो. डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण) आणि ब्लिक्स (ब्लीच आणि फिक्स एकत्र) यांचं पावडर किट आहे. अडचण एकच, पण काही केल्या सुटत नाही. बालदीतलं पाणी ३८ दाखवतं, बाटलीतला डेव्हलपर ३८ दाखवतो, पण फिल्म असलेल्या बंद टाकीत ओतल्यावर डेव्हलपिंगच्या सव्वातीन मिनिटांत आत काय होतं ते कळायला मार्ग नाही. निगेटिव्ह मात्र सगळं सांगते.

यंदाच्या चवथीचा रोल बघा. मखरामागची भिंत पांढरी, तिच्यावर गुलाबी झाक. माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीच्या) वरच्या बाजूला, केळीचा घड आणि ओल्या सुपाऱ्यांमधल्या सावलीत सगळं हिरवट. स्कॅनमध्ये भिंत सुधारली की सावली आणखी हिरवी होते, सावली सुधारली की भिंत लालभडक. सगळीकडे सारखी झाक असती तर एका स्लायडरने निघाली असती. हा क्रॉसओव्हरच (उजळ भागात एक झाक, सावलीत दुसरी), दुसरं काही नाही.

साहित्य असं: प्लास्टिकची टाकी, एका ३५ मिमी रोलला २९० मिली डेव्हलपर, १५ लिटरची बालदी आणि आंघोळीच्या पाण्याचा १००० वॅटचा रॉड. रॉड म्हणजे राक्षस आहे. एवढ्या पाण्याला मिनिटाला जवळजवळ एक अंश चढवतो, आणि कोडॅकची सूट किती, तर ३७.८ च्या वरखाली ०.१५!

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. स्वयंपाकाची सू-वीड स्टिक (पाणी फिरवत ठरलेल्या तापमानाला ठेवणारा हीटर) घ्यावी का? पावसात आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि इन्व्हर्टरवर हीटर चालवायची माझी छाती नाही. दुसरं, काही किटच्या पत्रकात ३० अंशांना ८ मिनिटं असा पर्याय देतात. आमच्या नळाचं पाणीच बहुतेक वर्षभर तिशीच्या आसपास. मग तापवायची भानगडच कशाला? कोणी करून बघितलंय का?

(ब्लॅक अँड व्हाइटला २० अंशांसाठी बर्फ शोधत फिरायचं आणि रंगीतला रॉड लावायचा. गोव्यात एकाही फिल्मला हवा मानवत नाही.)

प्रतिसाद

स्टिक घ्या, उपयोगी वस्तू आहे. पाणी फिरवत राहते, त्यामुळे बालदीत वर गरम, खाली कोमट असं होत नाही. पण तुमचं दुखणं बालदीत नाही, टाकीत आहे. टाकी, रील (फिल्म गुंडाळायची चकती), फिल्म हे सगळं खोलीच्या तापमानाला असतं आणि त्यात तुम्ही जेमतेम २९० मिली ओतता. पहिल्याच क्षणी अंश-दीड अंश गेला तर नवल नाही. वर टाकी उलटीपालटी करायला पाण्याबाहेर काढता, तेव्हा आणखी जातो.

रोल भरलेली टाकी आधी पाच-सात मिनिटं पाण्यात ठेवा. तरंगते, म्हणून वर वजन ठेवा, आणि पाणी झाकणाच्या खालीच राहू द्या. मग ३९ अंशांच्या साध्या पाण्याने मिनिटभर प्री-सोक, म्हणजे फिल्म आधी भिजवणं. ते पाणी रंगीत होऊन बाहेर येतं, घाबरू नका. दोन रीलची टाकी असेल तर एकाच रोलला पण ६०० मिली ओता, जास्त द्रव सावकाश निवतो.

आणि एकदा बाद फिल्म घालून, नुसत्या पाण्याने तालीम करा. ओतताना मोजा, सव्वातीन मिनिटांनी परत मोजा. एक अंश उतरत असेल तर सुरुवात ३८.३ ला करा, म्हणजे सरासरी ३७.८ च्या जवळ बसेल.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. लाईटचं म्हणाल तर बालदी सोडा आणि मासळीवाले वापरतात तसला थर्माकोलचा डबा घ्या, नवा घ्या, नाहीतर वासाने जीव जाईल. गरम पाणी भरून झाकण लावलं की लाईट गेली तरी एका रोलचं डेव्हलपिंग आरामात उरकतं. खोली ३० असेल तर फरक जेमतेम आठ अंशांचा. हिमाचलात हेच करणाऱ्याला विचारा.

३० ला ८ मिनिटं मी केलंय. फायदा खरा आहे: ओतण्यात १५ सेकंद इकडेतिकडे झाले तर सव्वातीन मिनिटांत ते जवळजवळ ८ टक्के होतात, ८ मिनिटांत फक्त ३. पण फिल्मचे तीन थर एकावर एक असतात, निळ्याला संवेदनशील वर आणि लालला संवेदनशील तळाशी. डेव्हलपर खाली झिरपायला वेळ लागतो, आणि तापमान बदललं की तिन्ही थरांचा वेग सारखाच बदलतो असं नाही. फिल्म बनवली ती ३७.८ धरून. नुसतं कुटुंबाच्या अल्बमला ३० चालेल, पण तुमची तक्रारच क्रॉसओव्हरची, तेव्हा मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

थर्मामीटर कुठला आहे? स्वस्तातला काचेचा अंशभर चुकलेला असू शकतो. घरातला ताप मोजायचा डिजिटल घ्या. ३७.८ म्हणजे १०० फॅरनहाइट, नेमका त्याच्या कामाचा टप्पा, आणि तिथे तो ०.१ पर्यंत खरं बोलतो. फक्त तो सर्वांत वरचा आकडा धरून ठेवतो, म्हणून दर वेळी बंद करून चालू करा. काचेचा त्याच्याशी ताडून फरक लिहून चिकटवा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. आत्ताच ताडून बघितलं: काचेचा ३८ म्हणतो तेव्हा डिजिटल ३७.१. म्हणजे सुरुवातच थंड होती, तालमीआधीच! आता ब्लिक्स आणि धुण्याचं पाणी पण असंच काटेकोर ठेवायचं का?

प्रतिसाद

नाही. ब्लीच, फिक्स आणि वॉशला २४ ते ४१ चालतं. नळाचंच पाणी वापरा. ब्लिक्स थोडा थंड वाटला तर मिनिटभर जास्त ठेवा, त्याने बिघडत नाही. आणि तो रॉड वापरणार असाल तोवर, प्लग काढल्याशिवाय टाकी उचलायला बालदीत हात घालू नका.