प्रतिसाद: गॅलरी शेतात नेली तेव्हा

आधीच्या एका प्रतिक्रियेत एकांनी लिहिलंय की हाउझर अँड विर्थ या बड्या कला-गॅलरीची वाढ म्हणजे निव्वळ पैशाचा जोर. मला हे अजिबात पटत नाही. १९९२ साली झुरिकमध्ये सुरुवात, २००३ ला लंडन, २००९ ला न्यूयॉर्क; इथवरची वाट इतर बड्या गॅलऱ्यांसारखीच. खरं धाडस २०१४ चं. इंग्लंडच्या सॉमरसेट भागातल्या ब्रूटन या छोट्या गावाजवळची मोडकळीला आलेली डर्सलेड फार्म त्यांनी दुरुस्त केली. जुन्या गोठ्यांत प्रदर्शनं, मागे डच बागरचनाकार पीट आउडॉल्फने आखलेली फुलझाडांची बाग, शेजारी रेस्टॉरंट, आणि प्रदर्शनाला तिकीट नाही! चित्र विकत घेणं ज्यांच्या स्वप्नातही नसेल अशी माणसं तिथे मुलाबाळांसकट येतात. आपल्या भारतीय कलाकार सुबोध गुप्तांचं कामही तिथे मांडलं गेलंय.

शिवाय फिलिप गस्टन, एव्हा हेस यांच्यासारख्या दिवंगत कलाकारांचा वारसा ही गॅलरी सांभाळते. हे चिकाटीचं काम आहे, नुसत्या पैशाने होत नाही.

छोट्या गॅलऱ्यांनी वर्षानुवर्षं जपलेले कलाकार नाव झाल्यावर अशा मोठ्या ठिकाणी निघून जातात, हा त्यांचा दुसरा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. त्या छोट्यांना काहीतरी वाटा मिळायलाच हवा.