अनुभव धागा: ज्यांचा मनापासून राग यायचा ते पैलवान

परवा माळा आवरताना आईला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझे डब्ल्यूडब्ल्यूएफचे, म्हणजे टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीचे पत्ते सापडले. सव्वीस शिल्लक आहेत. रबरबँड वितळून वरच्या पत्त्याला चिकटलंय. अंडरटेकरच्या पत्त्याचा कोपरा दुमडलेला आहे, त्यामुळे चौथीत असताना समोरच्याच्या हातातही तो मला पाठमोरा ओळखू यायचा. पत्ते सरसर सुटावेत म्हणून आम्ही त्यांना टाल्कम पावडर लावायचो. आज पंचवीस-तीस वर्षांनी डबा उघडल्यावर तो वास अजून आला.

डबा मांडीवर घेऊन बसलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आठवत होते ते बहुतेक सगळे वाईट लोक होते. अंडरटेकरसुद्धा पहिल्यांदा आला तो खलनायक म्हणूनच, नोव्हेंबर 1990 च्या सर्व्हायव्हर सीरिज या त्यांच्या मोठ्या कार्यक्रमात टेड डिबियासीच्या संघातून. पुढे त्याचा मॅनेजर पॉल बेअरर त्याच्याबरोबर तो अस्थिकलश घेऊन यायला लागला. हा बेअरर खऱ्या आयुष्यातही परवाना असलेला, अंत्यविधीचा व्यवसाय करणारा माणूस होता, हे कळलं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. लहानपणी मात्र घंटा वाजून दिवे गेले की मी पांघरुणाची कड दातात धरायचो.

हिरोंबद्दल आपण पुष्कळ बोलतो. इथे त्या दुसऱ्या बाजूच्या माणसांबद्दल लिहा. कोणाचा राग यायचा, घरात काय व्हायचं, आणि आता काय वाटतं? मोठं लिहा, दोन ओळी लिहा, कसंही चालेल.

*

वरळी, मुंबई

माझं वय आता 74. आमच्या वेळी ना टीव्ही, ना पत्ते. आम्ही वल्लभभाई पटेल स्टेडियमवर जायचो. वडील गिरणीत होते. पगाराच्या आठवड्यात दारासिंगांची फ्री स्टाईल कुस्ती असली की मला घेऊन जायचे, अगदी वरच्या, सर्वांत स्वस्त जागेवर. शेंगदाण्याची पुडी वडिलांच्या हातात आणि मी त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये उभा.

आमचा खलनायक किंगकाँग. मूळचा हंगेरियन, एमिल झाया हे खरं नाव, वजन 200 किलोच्या आसपास. तो दोराला रेलला की दोर खालच्या माणसांच्या अंगावर येईल असं वाटायचं. तो दोन्ही हात पसरून पब्लिककडे बघायचा आणि सगळं स्टेडियम त्याला शिव्या घालायचं. माझे वडील अत्यंत मवाळ माणूस. घरात कधी आवाज चढला नाही. तिथे मात्र ते उभे राहून ओरडायचे. वडिलांचा तो आवाज मी आयुष्यात फक्त तिथेच ऐकला.

1968 मध्ये दारासिंगांनी मुंबईतच अमेरिकेच्या लू थेझला हरवलं, तेव्हा मी कॉलेजात होतो. ती कुस्ती मोठी, मान्य. पण मला आजही डोळे मिटल्यावर दिसतो तो किंगकाँग. 1970 मध्ये मोटार अपघातानंतर तो सिंगापूरला वारल्याचं वडिलांनी वाचून दाखवलं आणि पेपर घडी करून ठेवला. संध्याकाळी म्हणाले, "बिचारा. किती शिव्या खाल्ल्या त्यानं आपल्या."

*

सोलापूर

योकोझुना! तो कोपऱ्यातल्या दोरावर चढला की मी उशीत तोंड खुपसायचो. त्याचा मॅनेजर मिस्टर फुजी मीठ फेकायचा. 1993 च्या रेसलमेनियात, म्हणजे त्यांच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, त्यानं आमच्या हिरोच्या, ब्रेट हार्टच्या डोळ्यात मीठ फेकलं आणि योकोझुना जिंकला. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मिठानं दृष्ट काढतात रे, डोळे नाही काढत." योकोझुनाला जपानी सुमो म्हणून दाखवायचे, पण तो जपानी नव्हताच, सामोअन वंशाचा अमेरिकन होता. आईला अजून सांगितलेलं नाही.

*

तासगाव

आमची आजी नागपंचमीला विळीला हात लावायची नाही, चुलीवर तवा ठेवायची नाही. तिच्यासमोर जेक 'द स्नेक' रॉबर्ट्स लागला. तो खांद्यावरची पिशवी रिंगच्या कोपऱ्यात ठेवायचा आणि कुस्ती संपली की आतला भलामोठा अजगर हरलेल्या माणसाच्या अंगावर सोडायचा. आजी टीव्हीला हात जोडायची. ते जेकसाठी नव्हतं. पिशवीतल्या सापासाठी होतं.

मग 1991 मध्ये अर्थक्वेकनं जेकला दोरात बांधलं आणि त्या पिशवीवर उड्या मारल्या. आम्ही ते व्हिडिओ लायब्ररीतून आणलेल्या कॅसेटवर पाहिलं. आजी उठून उभी राहिली. "मुडदा बशिवला त्याचा!" म्हणाली आणि त्या रात्री जेवली नाही. वडिलांनी समजावलं, मोठ्या काकांनी समजावलं. शेवटी माझ्या आत्यानं शपथेवर सांगितलं की पिशवीत साप नव्हता, तेव्हा कुठे तिनं दूधभात घेतला. आत्याला काही माहीत नव्हतं, पण ते खरंच निघालं.

अर्थक्वेक म्हणजे जॉन टेंटा, कॅनडाचा. योकोझुना सुमो नव्हता, पण हा माणूस जपानात खरोखरच सुमो खेळून, एकही कुस्ती न हरता परत आलेला होता. 2006 मध्ये कर्करोगानं गेला. आजी त्याच्या आधीच गेली होती. ती असती तर मी तिला त्याचा हसरा फोटो दाखवला असता.

*

डोंबिवली

चाळीत पत्ते खेळणारी मी एकटीच मुलगी. मला कुणी विचारायचं नाही, पण माझ्याकडे मोठ्या मामानं आणलेला पूर्ण संच होता, त्यामुळे मला वगळूनही चालायचं नाही.

माझा राग रँडी सॅव्हेजवर. मिस एलिझाबेथ त्याच्यासाठी दोर उघडून धरायची आणि तो तिच्यावर खेकसायचा, संशय घ्यायचा. आमच्या शेजारच्या खोलीत अगदी तसंच चालायचं. त्या काकूंचं नाव लिहीत नाही. त्या आमच्याकडे कॅसेट बघायला यायच्या, दाराजवळ बसायच्या, म्हणजे हाक आली की उठता यावं.

रेसलमेनिया सात, 1991. सॅव्हेज अल्टिमेट वॉरियरकडून हरला. अट अशी होती की हरणाऱ्यानं कुस्ती सोडायची. त्याची तेव्हाची मॅनेजर सेन्सेशनल शेरी त्यालाच लाथा घालायला लागली. गर्दीतून एलिझाबेथ धावत आली आणि तिनं शेरीला रिंगबाहेर फेकलं. प्रेक्षकातली माणसं रडत होती. निघताना एलिझाबेथ सवयीनं दोराकडे गेली. सॅव्हेजनं तिला थांबवलं आणि त्या दिवशी त्यानं तिच्यासाठी दोर उघडून धरला.

काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आटोपून आल्या आणि म्हणाल्या, "ती कॅसेट परत द्यायची आहे का आज? नसेल तर शेवटचं लाव ना गं." मी लावलं. तीन वेळा.

*

कोल्हापूर

आमचे आजोबा तालमीत वाढलेले, खासबागेत कुस्त्या केलेले. डब्ल्यूडब्ल्यूएफ लागलं की "ही कुस्ती न्हवं, ह्यो खेळ हाय" म्हणून उठून जायचे. त्यांना खिळवून ठेवणारा एकच निघाला. बॉब बॅकलंड.

1994 चं हे. बॅकलंड तेव्हा पंचेचाळिशीचा, साधी चड्डी, अंगावर चित्रं नाहीत, केस नीट विंचरलेले. पूर्वीचा चॅम्पियन, आता डोकं फिरलेला म्हातारा अशी त्याची भूमिका होती. कॉलेजात असताना अमेरिकेतली राष्ट्रीय कुस्ती स्पर्धा जिंकलेला माणूस. आजोबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी नुसतं त्याचं उभं राहणं बघितलं आणि पाटावर बसले. "हा बघ. पाय कसा टाकतोय बघ. ह्यानं माती खाल्लीया." मग मला सांगायला लागले. हा पट काढतोय, ही कलाजंगाची तयारी आहे, आता घिस्सा देईल बघ. मी आजोबांकडून कुस्ती शिकलो ती अशी, सोफ्याजवळच्या सतरंजीवर.

त्याच वर्षीच्या सर्व्हायव्हर सीरिजमध्ये त्यानं ब्रेट हार्टला मागून मानेत आणि हातात पकडलं ते सोडेचना. ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन रडत-रडत आईकडे गेला, टॉवेल फेक म्हणाला. आईनं टॉवेल फेकला, ब्रेट हरला आणि ओवेन हसत पळाला. सगळं नाटक होतं त्याचं. आजोबा इतका वेळ बॅकलंडच्या बाजूनं होते. तेव्हा मात्र गप्प झाले. "आईला मधी आनाया नको हुतं," एवढंच बोलले.

*

नागपूर

'खिलाडियों का खिलाडी' मध्ये अक्षय कुमारनं अंडरटेकरला उचललं तेव्हा आमच्या थेटरात पोरं खुर्चीवर उभी राहिली होती. मी एकटा ओरडत होतो, हा तो नाही! कुणी ऐकेना. तो होता ब्रायन ली. 1994 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफनंही त्यालाच नकली अंडरटेकर म्हणून आणलं होतं. तीस वर्षं झाली, आज लिहून मोकळा झालो.

*

कुडाळ

आमचे बाबा दशावतारात राक्षस करायचे. त्यामुळे या विषयावर मला जरा सविस्तर लिहू द्या.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, शेवट गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतो. बाकी सगळं तिथल्या तिथे, समोरच्या माणसाच्या डोळ्यात बघून. पखवाज कधी चढवायचा हे वाजवणाऱ्याला राक्षसाच्या पावलावरून कळतं. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की बाबा रोज रात्री मरायचे. एकदा एका गावात पहाटे रंग उतरवताना एक म्हातारी आत आली आणि बाबांना म्हणाली, "मेल्या, त्या पोराक कित्याक छळलंस?" बाबांनी तिच्या पाया पडून माफी मागितली. मी सात-आठ वर्षांचा होतो, मला रडू आलं. घरी येताना बाबा इतके खूश होते की मला खांद्यावर घेऊन चालले.

आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा मी बाबांना मिस्टर परफेक्ट दाखवला. कर्ट हेनिग. च्युइंगगम हवेत उडवून हातानं टोलवणारा, टॉवेल पाठीमागे फेकून न बघता झेलणारा, प्रचंड गर्विष्ठ. मला त्याचा संताप यायचा. बाबांनी त्याचं ते काही बघितलं नाही. त्याला ठोसा बसल्यावर तो कसा पडतो ते बघितलं. हेनिग पडायचा ना, तो सबंध शरीरानं पडायचा. मार बसला दंडावर तरी पायाची टाच उडायची. केस पुढे यायचे. कोपऱ्यात आदळला की उलटा होऊन खाली यायचा.

"खोटा आसा ता," मी शहाणपणा केला.

"खोटा कसा रे? फळीर पडतय तेव्हा पाठ माझीच लागता मां?" बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, टीव्हीकडे बघतच, "पडणारो बरो असलो काय मारणारो मोठो दिसता."

ऑगस्ट 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला हेनिग ब्रेट हार्टकडून हरला आणि ब्रेट मोठा झाला. त्या दिवशी हेनिगच्या पाठीच्या मणक्याला खरीखुरी गंभीर दुखापत होती. तशा पाठीनं तो अठरा मिनिटं आपटला, उठला, पुन्हा आपटला, आणि आपला चॅम्पियनचा पट्टा दुसऱ्याला देऊन गेला. हे मी मोठेपणी वाचलं तेव्हा बाबांना फोन केला. बाबांनी तोवर काम सोडलं होतं, गुडघे गेले होते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे? परत उभो ऱ्हवलो मां तो?"

राहिला, असं मी सांगितलं. एक वर्षाहून जास्त कुस्ती खेळला नाही, पण आला परत. हेनिग 2003 मध्ये गेला. बाबा मागच्या शिमग्यानंतर गेले.

*

छत्रपती संभाजीनगर

कुडाळकरांचं वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. माझं छोटंसं आहे. 7 जुलै 1996 ला हल्क होगन वाईट लोकांना जाऊन मिळाला. आमचा सगळ्यात मोठा हिरो, लाल-पिवळ्या कपड्यातला होगन. प्रेक्षकांनी रिंग कचऱ्यानं भरून टाकली. मी भिंतीवरचं त्याचं पोस्टर उलटं करून परत चिकटवलं, फाडवलं नाही. 2025 मध्ये तो गेला तेव्हा आईच्या घरी त्या भिंतीसमोर उभा राहिलो. रंग दिलाय आता, चिकटपट्टीचे चार ठिपके हाताला लागतात.

*

कॅलगरी, कॅनडा

कोल्हापूरकरांनी ओवेन हार्टचं काढलं म्हणून लिहितोय.

आम्ही दोघे भाऊ, नाशिकचे. मी तीन वर्षांनी मोठा, म्हणून मी ब्रेट. धाकट्याच्या वाट्याला कायम ओवेन. गादी जमिनीवर टाकायची, आजोबांची काठी मध्ये आडवी ठेवायची, ते रिंग. शार्पशूटर, म्हणजे ब्रेटची ती पाय मुरडायची पकड, दोघांनाही यायची, पण लावायचो मी.

मार्च 1994 च्या रेसलमेनियात, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, पहिल्याच लढतीत ओवेननं ब्रेटला सरळ हरवलं. काही लबाडी नाही, मीठ नाही, टॉवेल नाही. त्याच रात्री ब्रेट पुढे योकोझुनाला हरवून चॅम्पियन झाला, सगळे त्याला खांद्यावर घेत होते, आणि ओवेन लांब उभा राहून बघत होता. भाऊ त्या दिवशी आनंदानं घरभर नाचला. मी म्हणालो, ते टीव्हीवर. आपल्याकडे ब्रेटच जिंकतो. आमच्या गादीवर मी त्याला ती लढत कधीच जिंकू दिली नाही.

23 मे 1999 ला कॅन्सस सिटीत छतावरून दोरीनं उतरताना ओवेन खाली पडला आणि गेला. चौतीस वर्षांचा होता. भाऊ तेव्हा चौदा वर्षांचा. बातमी कळल्यावर तो गच्चीवर जाऊन बसला. मी जिन्यात उभा राहिलो, वर गेलो नाही.

नोकरीनं मला हार्ट घराण्याच्याच गावात आणून टाकलं. ओवेनची समाधी इथे क्वीन्स पार्कच्या दफनभूमीत आहे. गेल्या उन्हाळ्यात भाऊ मुलांना घेऊन आला, त्यानं विमानतळावरच विचारलं. आम्ही दोघेच गेलो. सकाळी पाऊस पडून गेला होता, गवतानं चपला भिजल्या. तो बराच वेळ दगडावरचं नाव बघत होता. मग खाली बसून त्यानं दगडाच्या कडेला चिकटलेली ओली पानं एकेक करून काढली. मीही बसलो आणि दुसऱ्या बाजूची काढली.

घरी आल्यावर मी हॉलमधलं टीपॉय बाजूला सरकवलं, वरच्या खोलीतली गादी आणून खाली टाकली आणि त्याला हाक मारली.