नवी वायर टाकूनही क्लच जडच. प्लेटा बदलायला हव्यात का?

मागचं_चाक
गाडी १५० सीसी, एक सिलिंडर, कार्बोरेटरवाली, क्लच वायरचा. जुन्या वायरचे धागे लिव्हरपाशी तुटायला लागले होते म्हणून घरीच नवी वायर टाकली. तरी क्लच आधीइतकाच जड, कदाचित थोडा जास्तच. लिव्हर सोडल्यावर शेवटचं बोटभर अंतर आपणहून परत येत नाही, ढकलावा लागतो. हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं की आणखी जड. लिव्हरच्या टोकाला ढील १५ मिमी ठेवलीय. गिअर नीट पडतात, क्लच घसरत नाही. गॅरेजमध्ये विचारलं तर म्हणे प्लेटा आणि स्प्रिंगा टाका. कव्हर उघडण्याआधी काय तपासू?

चौदाचा_पाना
कव्हरला हात लावू नका. प्लेटा झिजल्या की क्लच घसरतो, जड होत नाही. स्प्रिंगा चुकीच्या, जास्त ताकदीच्या पडल्या असतील तर क्लच जड होतो खरा, पण मग लिव्हर सोडल्यावर झटक्यात परत येतो. तुमचा तर अडकतोय. आणि अडकतोय तो शेवटच्या बोटभर अंतरात, म्हणजे नेमका ढिलीच्या भागात. तिथे क्लचच्या स्प्रिंगांचा जोर पोचतच नाही. म्हणजे दोष इंजिनाबाहेर आहे.

गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन बंद आणि गार. वरचा अ‍ॅडजस्टर (लिव्हरपाशी ढील कमी-जास्त करायचा स्क्रू) पूर्ण आत घ्या. त्याची, लॉकरिंगची आणि ब्रॅकेटची खाच एका रेषेत आणा. खाली इंजिनापाशी वायरचे दोन्ही नट सैल करून वायर आर्ममधून (इंजिनावरचा दांडा, जो वायर ओढते) काढा, मग वरून सोडवा. आता तिन्ही गोष्टी सुट्या झाल्या:

लिव्हर एकटा करंगळीने हलला पाहिजे. जागच्या जागी थांबला तर चालेल, घासता कामा नये.
वायरचं आवरण गाडीवर आहे तसंच राहू द्या आणि आतली वायर दोन्ही टोकांना धरून मागेपुढे ओढा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुन्हा ओढून बघा.
आर्म बोटाने थोडा मोकळा हलेल आणि मग टणक लागेल. टणक लागणं बरोबरच आहे, तिथून पुढे स्प्रिंगा आहेत. पण त्या मोकळ्या हालचालीत करकर लागली तर आर्मच्या शाफ्टला गंज आहे.

जो भाग अडतो, तोच दुरुस्त करायचा.

ग्रीसगन
वरच्यात भर. हँडल वळवल्यावर क्लच बदलत असेल तर वायर चुकीच्या वाटेने गेलीय, याला दुसरा अर्थ नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हँडल फिरवलं तरी ढील तेवढीच राहिली पाहिजे. टाकीचा मागचा बोल्ट काढून टाकी थोडी उचला आणि बघा: वायर टाकीखाली दबलीय का, हँडलच्या मानेपाशी चुकीच्या बाजूने गेलीय का, गाइडच्या कडीतून जायची राहिलीय का. जुनी काढताना नवी तिला बांधून ओढून घेतली नसेल तर इथेच चूक होते. प्लास्टिकच्या पट्टीने फ्रेमला आवळून बांधलेली असेल तर तीही कापा. वायरला सरकायला जागा लागते.

आवरणाच्या टोकाची धातूची टोपी अ‍ॅडजस्टरमध्ये पूर्ण बसलीय ना, तेही बघा. तिरकी बसली तर आतली वायर काठावर घासते.

मागचं_चाक
तपासलं. आर्म गुळगुळीत. वायर सरळ धरली की मस्त सरकते, पण गाडीवर मानेच्या उजव्या बाजूने गेली होती. जुनीचे घासल्याचे डाग डाव्या बाजूला आहेत. ती वाट बदलली, आता हँडल वळवून फरक पडत नाही. पण वायर काढलेली असतानाही लिव्हर एकटाच जड हलतोय!

चौदाचा_पाना
मग सापडलं. लिव्हरच्या पिव्होटला, म्हणजे तो जिथे फिरतो तिथे, वरून बोल्ट आणि खालून नट असतो. बहुतेक जण बोल्ट करकचून आवळतात, ब्रॅकेटचे दोन्ही कान आत दबतात आणि लिव्हर मध्ये चिमटला जातो. बोल्ट काढा. जुनं काळं ग्रीस रॉकेलने धुवा. लिव्हरच्या वरच्या-खालच्या तोंडावर उठलेली धार असेल (गाडी पडली की येते) तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट करा. बोल्टला आणि लिव्हरच्या भोकाला पातळ थर ग्रीस. बोल्ट आवळत न्या, लिव्हर घासायला लागला की पाव फेरा मागे घ्या. मग बोल्ट वरून धरून ठेवायचा आणि खालचा नट लॉक करायचा. बोल्ट न धरता नट फिरवला तर तोही फिरतो आणि पुन्हा तेच.

अजून एक, हे विसरू नका. वायरच्या टोकाचा गोल दाणा लिव्हरच्या घरात फिरला पाहिजे. तो अडकला तर प्रत्येक दाबाला वायर मुळाशी वाकते. जुन्या वायरचे धागे लिव्हरपाशीच तुटत होते, त्याचं कारण बहुधा हेच. तिथे ग्रीस लावा, नाहीतर नवीही तिथेच तुटेल.

कार्बोरेटर_काका
लिव्हर मूळचाच आहे का? बाजारातले काही दिसायला सारखे असतात, पण पिव्होट ते वायरचा दाणा हे अंतर वेगळं असतं. समजा मूळ २५ मिमी आणि नवा २८, तर त्याच दाबाला वायर १२ टक्के जास्त ओढली जाते आणि जोरही साधारण तेवढाच जास्त लागतो.

आर्मचा कोनही बघा. लिव्हर अर्धा दाबलेला असताना वायर आणि आर्म यांच्यात काटकोनाच्या आसपास कोन हवा. कोणी आर्म काढून एक-दोन दाते पुढे-मागे बसवला असेल तर ताकद वाया जाते. काही गाड्यांत आर्म आणि शाफ्टवर ठिपके असतात, ते जुळवायचे.

मागचं_चाक
लिव्हर मूळचाच आहे, आर्मचे ठिपके जुळताहेत. बोल्ट पाव फेरा मागे घेतल्यावर दोन बोटांत क्लच दाबला जातोय, परतही येतोय. ढील पुन्हा १५ मिमी लावली. वायरमध्ये ऑइल सोडू का? आतून पांढरी प्लास्टिकची नळी दिसते.

ग्रीसगन
पांढरी नळी असेल तर नको. ती कोरडीच सरकते. ऑइल धूळ धरून ठेवतं आणि वर्षभरात आत चिखल होतो. बिननळीच्या जुन्या वायरीला मात्र ऑइल लागतं: उभी टांगून वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोन बांधायचा, शिलाई मशीनचं तेल ओतून खालून थेंब येईपर्यंत ठेवायची. ग्रीस आत जात नाही, तोंडाशीच बसतं.

ढील पुढे कशी बदलते तेवढं ध्यानात ठेवा: नवी वायर ताणली की ढील वाढते, प्लेटा झिजल्या की कमी होते. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर एकदा मोजा. आणि अ‍ॅडजस्टरच्या खाचा आत्ता एका रेषेत वर तोंड करून असतील तर अ‍ॅडजस्टर अर्धा फेरा फिरवून लॉकरिंग घट्ट करा आणि रबराची टोपी ओढून घ्या. उघड्या खाचेतून पावसाचं पाणी थेट वायरमध्ये उतरतं.