अनुभव धागा : तुमचा ऑल टाइम ग्रेट रेसलर कोण आणि का?

गोदाकाठ :
माळा आवरताना डब्ल्यूडब्ल्यूईच्या पत्त्यांचा रबर लावलेला गठ्ठा सापडला. सिडकोत आमच्या गल्लीत ह्याच पत्त्यांवर कोण भारी ते ठरायचं, हाइट, वेट, रँक. आता वाटतं पत्त्यावर जे छापलेलं नव्हतं त्यानेच माणूस ग्रेट होतो. निकाल आधीच ठरलेला असतो हे माहिती असूनही ज्याच्या मॅचला काटा आला, त्याच्याबद्दल लिहा.

पहिल्या रांगेतला :
रे मिस्टेरियो, सगळ्यांत बुटका! शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभं करायचे आणि मी दहावीपर्यंत सगळ्यात पुढे. २००६ चं रॉयल रंबल, म्हणजे एकेक करून रेसलर आत येतात, दोरीवरून बाहेर पडला तो बाद आणि शेवटी उरला तो जिंकला. हा दोन नंबरला आत आला, ६२ मिनिटं टिकला आणि शेवटी रँडी ऑर्टनला दोरीवरून बाहेर काढलं. त्याचा दोस्त एडी गरेरो अडीच महिन्यांपूर्वीच गेलेला. मी रडलो होतो.

तालीमवाला :
आमचे अण्णा पंचवटीतल्या तालमीत घडलेले, मातीतला माणूस, त्यामुळे घरात हे लावलं की 'नुरा कुस्ती आहे ही, आधी ठरवून खेळलेली, बंद कर' ठरलेलं. एकदा १९९८ ची हेल इन अ सेल, म्हणजे पिंजऱ्यातली मॅच, लागली होती, अंडरटेकरने मॅनकाइंडला १६ फुटी पिंजऱ्याच्या माथ्यावरून खाली टेबलावर फेकला आणि अण्णा चहाचा कप हातात तसाच धरून उभे. तो स्ट्रेचरवरून उठून परत वर चढायला लागला तर म्हणाले, "अरे आवरा त्याला कोणीतरी." नंतर बऱ्याच वेळानी म्हणाले, जमीन काही नुरा खेळत नाही बाबा.

शार्पशूटर :
पडणं मान्य, पण माझं मत ब्रेट हार्टला. रेसलमेनिया १३, १९९७. समोर स्टीव्ह ऑस्टिन, व्हिलन म्हणून आलेला, ब्रेटच्या शार्पशूटरमधे, म्हणजे पाय पिळायच्या डावात, अडकला, कपाळाचं रक्त ओघळून दातांवर आलेलं, पण पठ्ठ्यानी टॅप करून हार मानली नाही, बेशुद्ध पडला. म्हणजे हरला ऑस्टिन आणि पब्लिक झालं त्याचं, अन् जिंकलेला ब्रेट शिव्या खात बाहेर गेला. मी ही मॅच कितीदा पाहिली असेल, दर वेळी वाटतं की ऑस्टिनला ऑस्टिन त्या रात्री ब्रेटनी केला, स्वतः वाईट ठरायची तयारी ठेवून. रिक फ्लेअरचे वर्ल्ड चॅम्पियनशिपचे १६ बेल्ट, जॉन सीनाचे १७, सगळं पाठ आहे मला, पण समोरच्याला इतकं मोठं करणारे फार थोडे.

देवळालीकर :
शार्पशूटर, अगदी! आमचे आजोबा नाशिकरोडहून गाडी पकडून वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमला दारासिंग बघायला गेलेले.

गोदाकाठ :
अरे वा! १९६८ ची, अमेरिकन पैलवान लू थेझवाली का?

देवळालीकर :
नाही, त्याच्या आधीची, किंगकाँग नावाच्या अगडबंब पैलवानाशी. आणि गंमत बघा, दारासिंगचे एवढे भक्त, पण सांगायला बसले की अर्धा वेळ किंगकाँगच. दोन्ही हात पसरून दाखवायचे आणि म्हणायचे, "आपल्या ह्या दारातून आडवा सुद्धा आला नसता, आणि तसल्याला उचलला रे त्यानी."