अभ्यासाचं वाचन: वेळ फार जातो, लक्षात राहत नाही

समास
तीस-पस्तीस पानांचं एक प्रकरण वाचायला अख्खी दुपार जाते. महत्त्वाच्या ओळी रंगवत नीट वाचते, तरी दोन दिवसांनी ठळक मुद्देही सांगता येत नाहीत. वेगवाचनाचा सराव करावा का?

शाईदौत
वेग नको, पद्धत बदला. बहुतेक वेळ तीच पानं पुन्हा पुन्हा वाचण्यात जातो. आधी पाच-सात मिनिटं प्रकरण नुसतं चाळा: मथळे, आकृत्या, सारांश, आणि मुख्य म्हणजे शेवटचा स्वाध्याय. मग उपमथळ्याचा प्रश्न करा. ‘बाष्पीभवनावर परिणाम करणारे घटक’ असं असेल तर ‘कोणते घटक, आणि प्रत्येकामुळे काय होतं?’ तेवढाच भाग वाचा, पुस्तक मिटा, उत्तर तीन-चार ओळींत आपल्या शब्दांत लिहा. नंतर ताडून पाहा आणि सुटलेलं वेगळ्या रंगाच्या पेनने भरा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे.

पहिल्या वाचनात ओळी रंगवू नका. महत्त्वाचं काय ते तेव्हा ठरलेलंच नसतं, म्हणून निम्मं पान पिवळं होतं. ताडताना जे सुटलेलं दिसेल, तेवढंच रंगवा.

पानखूण
वेगवाचनाबद्दल: कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. वेग फार वाढवला की आकलन घटतं, असाच त्याचा निष्कर्ष आहे. ‘मनातल्या मनात उच्चार करू नका’ हा सल्लाही सोडून द्या. अवघड वाक्याचा अर्थ लावायला तो उच्चार उपयोगी पडतो. विषयाची आणि शब्दांची ओळख वाढली की वेग आपसूक वाढतो. त्यामुळे चाळतानाच नव्या आठ-दहा संज्ञांचे अर्थ पाहून घ्या.

समास
पुस्तक मिटल्यावर काहीच आठवलं नाही तर? आणि गणिती पानांचं काय करायचं?

शाईदौत
काहीच आठवत नसेल तर भाग मोठा घेतला गेलाय. एक-दोन परिच्छेदांवर या. पण लगेच पुस्तक उघडू नका, मिनिटभर आठवायची धडपड करा, तुटक शब्द सुचले तरी लिहा. रोएडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि तो येतोय असा भास होतो. फसगत होते ती इथेच.

पानखूण
गणिती पानं वाचायची नसतात, सोडवायची असतात. पुढची पायरी कागदाने झाका, स्वतः लिहा, मग कागद सरकवा. अडलात तर कोणता नियम लागला तो समासात नोंदवा. तीन पानांना तास लागला तरी चालेल, तिथे घाई करूच नका.

उजळणीला पुस्तक परत पहिल्यापासून वाचू नका. तुम्ही केलेले प्रश्न वहीच्या डाव्या बाजूला आणि उत्तरं उजवीकडे ठेवा. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने उजवी बाजू झाकून उत्तरं द्या, आणि जे चुकेल तेवढ्यापुरतंच पुस्तक उघडा.