हाशेकचं लोळणं नशिबावर नव्हतं

चेक आइस हॉकी गोलरक्षक डॉमिनिक हाशेकला तंत्रच नव्हतं, नुसता बर्फावर लोळायचा, असं काही जण म्हणतात; ते मत काही पटलं नाही. आइस हॉकीचा गोल ६ फूट रुंद, पण उंची जेमतेम ४ फूट. जवळच्या धुमश्चक्रीत चकती बहुधा खालूनच घुसते, म्हणून तो आधी पायांचे पॅड आडवे टाकून बर्फालगतची फट बुजवायचा. त्यातूनही खेळाडूने चकवलंच, तर पाठीवर गडगडत दोन्ही पाय वर भिरकवायचा. आणि चकती समोर सुटी पडली की स्टिक सोडून ब्लॉकरच्या (स्टिक धरायच्या हातातल्या सपाट ढालीसारख्या हातमोज्याच्या) हातानेच ती दाबायचा. पुस्तकी गोलरक्षणात हे पापच!

१९९३-९४ मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकी लीगमधल्या बफेलो संघाकडून खेळताना त्याने सामन्यामागे सरासरी फक्त १.९५ गोल खाल्ले. १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा किताब. नागानोला १९९८ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात १-१ बरोबरीनंतर कॅनडाच्या पाच पेनल्टींपैकी एकही आत गेली नाही. अंतिम सामन्यात चेक संघाची रशियावर १-० अशी मात.

या शैलीचा खरा तोटा वेगळाच: सगळा ताण जांघेच्या स्नायूंवर. २००६ च्या ट्युरिन ऑलिंपिकमध्ये पहिल्याच सामन्यात, काही मिनिटांतच ते दुखावले आणि त्याची स्पर्धा तिथेच आटोपली.