५५ इंची टीव्ही, जादा २ वर्षांची वॉरंटी ४,६०० ला. घ्यावी का?

मिऱ्याकर
रत्नागिरीत ५५ इंची फोर-के एलईडी टीव्ही घ्यायचा आहे, किंमत ४८,०००. कंपनीची वॉरंटी १ वर्ष, फक्त पॅनेलवर आणखी १ वर्ष. दुकानदार त्यावर २ वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी ४,६०० ला देतोय, "सगळं कव्हर आहे" म्हणतो. घर समुद्राजवळ, पावसाळ्यात लाईट सारखी ये-जा करते. घ्यावी की पैसे बाजूला ठेवावेत?

सोल्डर
आधी हिशोब नीट मांडा. दुसऱ्या वर्षी पॅनेल कंपनीकडेच आहे. म्हणजे ४,६०० मध्ये तुम्हाला मिळतं काय? दुसऱ्या वर्षी फक्त बोर्ड आणि बॅकलाईट (पडद्यामागच्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्या), तिसऱ्या वर्षी सगळं. टीव्हीच्या किमतीच्या साडेनऊ टक्के मोजून.

वॉरंटी संपल्यावर नेहमी येणारी तक्रार म्हणजे "आवाज येतो, पण चित्र दिसत नाही". अंधारात पडद्याला टेकवून तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाईट गेला. पट्ट्यांतले एलईडी सिरीजमध्ये असतात, एक उडाला की अख्खी ओळ बंद, आणि बहुतेक सेटमध्ये ड्रायव्हर (पट्ट्यांना वीज पुरवणारं सर्किट) उरलेल्याही बंद करतो. बाहेर पट्ट्यांचा सेट मजुरीसकट अंदाजे ३ ते ४ हजार. धोका पट्टीचा नाही, ती बदलताना वरची काच उचलावी लागते आणि ५५ इंचीची काच दोन माणसांशिवाय उचलली की तडकते. पॉवर सप्लाय बोर्ड त्याहून स्वस्तात दुरुस्त होतो, मेनबोर्ड थोडा महाग.

पॅनेल मात्र टीव्हीच्या निम्म्याहून जास्त किमतीचं. उभ्या रेघा, अर्धा पडदा पांढरा, हे बहुतेक वेळा काचेच्या कडेला चिकटवलेल्या फ्लेक्सचं (पातळ, लवचिक केबलचं) बाँडिंग सुटल्यामुळे. ते गेलं की लोक नवा टीव्हीच घेतात. वॉरंटीला अर्थ आहे तो एवढ्यासाठीच.

आणि एक विचारून घ्या : कंपनीच्या लेखी "पॅनेल"मध्ये बॅकलाईट येतो का? काही ठिकाणी येतो, काही ठिकाणी नाही. भांडणं तिथेच होतात.

बारीक_अक्षर
"सगळं कव्हर आहे" हे बिलावर लिहून देतो का विचारा, चेहरा बघण्यासारखा होईल.

योजना कंपनीची की दुकानाची/तिसऱ्याच संस्थेची, हे पहिलं बघा. कंपनीची असेल तर तोच सर्व्हिस सेंटर, तेच पार्ट. तिसऱ्याची असेल तर "दुरुस्ती परवडत नाही" असं ठरल्यावर बहुतेकदा पूर्ण पैसे मिळत नाहीत, घसारा (वस्तू जुनी झाल्याची घट) कापतात. कागदावर तिसऱ्या वर्षाला ५० टक्के असेल तर ४८,००० चे २४,०००, तेही कधी कधी त्याच दुकानाच्या व्हाउचरमध्ये.

वगळलेल्या गोष्टींत साधारण हे सापडतं : फुटलेला पडदा, पाणी, वीज पडणं, व्होल्टेजची चढउतार, गंज, पाल-झुरळं, ओएलईडीवर उमटलेला डाग. तुमच्या घराला धोका नेमका कशाचा? व्होल्टेज आणि खारी हवा. दोन्ही त्याच यादीत असतील तर ४,६०० कशाचे देताय?

अर्थिंग
वरच्याला पूर्ण सहमत. पैसे वायरिंगवर घाला.

टीव्हीचा सप्लाय सहसा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे कमी दाबाला स्टॅबिलायझरची गरज नाही. मारतो तो जास्त दाब. खांबावरचा न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी ४०० च्या आसपास येऊ शकतात. स्पाईक गार्डमधला एमओव्ही (जादा दाब शोषणारा छोटा भाग) क्षणभराचा झटका खातो, सलग जास्त दाबात तो स्वतःच जळतो. त्यासाठी डीबीत (घरातल्या मेन स्विचच्या बॉक्समध्ये) ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. साधारण २७० ला तोडणारा, लाईट परतल्यावर थोडा थांबून जोडणारा. हजार-दीड हजारात येतो.

इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. फेज-अर्थ जवळपास फेज-न्यूट्रलइतकंच यायला हवं, न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. अर्थिंगच नसेल तर महागडा गार्डही अर्धाच कामाचा. आणि वीज कडाडायला लागली की नुसता प्लग काढून भागत नाही, डिशची केबल आणि लॅनची वायरही काढा. एचडीएमआय पोर्ट जळतात ते बहुधा त्या वाटेने.

मिऱ्याकर
कागद मिळाला. योजना तिसऱ्या संस्थेची, सर्ज (विजेच्या दाबाचा अचानक झटका) कव्हर आहे पण गंज वगळलाय, तिसऱ्या वर्षी घसारा ५० टक्के.

बारीक_अक्षर
मग ही वॉरंटी आज घेऊ नका. काही कंपन्या स्वतःची योजना पहिली वॉरंटी संपेपर्यंत विकतात. कस्टमर केअरला मॉडेल नंबर सांगून मुदत आणि पॅनेलसकट दर विचारा. मुदत असेल तर वर्षभर टीव्ही कसा वागतो ते बघून दहाव्या-अकराव्या महिन्यात ठरवा.

सोल्डर
तोवर बॅकलाईट कारखान्यातून बहुधा बराच वर ठेवलेला येतो, तो सेटिंगमध्ये ५०-६० वर आणा, पट्ट्या जास्त टिकतात. परत द्यायच्या मुदतीत पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण पडदे लावून डाग बघून घ्या. भिंतीवर चढवण्याआधी मागच्या सिरीयल नंबरचा फोटो काढा, तो बिलावरच्या नंबरशी जुळतो का पाहा. थर्मल कागदाचं बिल असेल तर त्याचाही, वर्षभरात अक्षरं उडतात.